बर्फाखाली किती व्हेल आहेत हे नुसतं ऐकून सांगता येतं का?

प्रश्न असा आलाय की ध्रुवाकडच्या समुद्रात पाण्याखाली माईक सोडून व्हेल, सील वगैरेंचा माग काढतात म्हणे, तर मग बर्फ कमी होत चाललाय तसे हे प्राणी वाढतायत का घटतायत ते रेकॉर्डिंगवरून सरळ कळत नाही का, आणि कळत असेल तर एक जण वाढले म्हणतो, दुसरा घटले म्हणतो, असं का.

मी हे काम बरीच वर्षं करतेय त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा. आधी थोडक्यात सांगून टाकते. एखादा प्राणी अमुक दिवशी तिथं होता हे रेकॉर्डिंगवरून छातीठोकपणे सांगता येतं. तो तिथं नव्हता हे सांगणं फार अवघड. आणि वाढले का घटले हे सांगायचं तर त्या त्या वर्षी, त्या त्या महिन्यात आपला माईक किती लांबचं ऐकू शकत होता हे आधी काढावं लागतं. बहुतेक भांडणं या तिसऱ्या गोष्टीवरून होतात, आणि बर्फ जातोय तसा नेमका हाच आकडा बदलतोय.

आता ऐकायचंच कशाला, डोळ्यांनी बघून मोजता येत नाही का? येतं की, उन्हाळ्यात, धुकं नसेल, वारा पडलेला असेल तर. पण हिवाळ्यात तिकडे आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही, वर मीटर-दोन मीटर जाडीचा बर्फ, विमान उडवायचं तर खर्च आणि जीव दोन्ही पणाला, आणि एवढं करून व्हेल श्वासाला वर येणार थोडा वेळ, मग परत गायब. पाण्यात उजेड शे-दोनशे मीटरच्या पुढे फारसा जात नाही. आवाज मात्र थंडगार पाण्यातसुद्धा सेकंदाला १४४० मीटरच्या आसपास पळतो आणि खालच्या पट्टीतला असला तर शेकडो किलोमीटर पोचतो. त्यामुळे या प्राण्यांनी स्वतःचाही सगळा कारभार आवाजावरच ठेवलाय, जोडीदार शोधणं, पिल्लाला हाक मारणं, मासे शोधणं, बर्फातली भोकं शोधणं. आपण फक्त कान लावायचा.

हे किती कामाचं आहे याची माझी सगळ्यात आवडती गोष्ट अलास्काच्या अगदी उत्तर टोकावरच्या उत्किआग्विक गावची, तेव्हा त्याला बॅरो म्हणायचे. तिथले मूळ रहिवासी, इन्युपियात लोक, पिढ्यान्‌पिढ्या बोहेड व्हेलची, म्हणजे आर्क्टिकमधल्या मोठ्या डोक्याच्या भल्यामोठ्या व्हेलची, शिकार करत आलेत, पोटासाठी. १९७७ साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशनने या शिकारीवर बंदी घालायचं ठरवलं, कारण शास्त्रज्ञांच्या अंदाजाने त्या भागात बोहेड उरले होते दोन हजारांच्या आतच. हा अंदाज कसा काढलेला, तर वसंतात बर्फ तडकून जी लांबलचक फट पडते, लीड म्हणतात तिला, तिच्यातून व्हेल जातात तेव्हा काठावर बसून मोजून. शिकारी म्हणाले हे चुकतंय, तुम्हाला फक्त फटीतले दिसतायत, बाकीचे लांबून बर्फाच्या खालून चाललेत, ते डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात आणि पुढे जातात. हॅरी ब्राऊअर सीनियर म्हणून एक जुने जाणते शिकारी होते, त्यांनी हे शास्त्रज्ञांना नीट समजावून सांगितलं, आणि विशेष म्हणजे शास्त्रज्ञांपैकी काहींनी ते ऐकून घेतलं. मग १९८० च्या दशकात बर्फाच्या काठावरून हायड्रोफोनची, म्हणजे पाण्यातल्या माईकची, रांग खाली सोडली, आणि काठावर बसलेल्याला एकही व्हेल दिसत नव्हता तेव्हाही खालून हाका येत होत्या. दिसलेले आणि ऐकलेले एकत्र धरून हिशोब मांडला तसा आकडा वर चढत गेला. २००१ च्या मोजणीत साधारण १०,५००, २०११ मध्ये १६,८०० च्या आसपास. यात खरीखुरी वाढही आहे, वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आगेमागे, पण सुरुवातीची जी मोठी उडी होती ती आधी न दिसलेल्या व्हेलची होती.

या गोष्टीतला एक बारकावा लोक विसरतात. तिथं हाका मोजून व्हेल मोजले नाहीत. प्रत्येक हाक कुठून आली ती जागा काढली, मग एका जागेवरची हाक आणि थोड्या वेळाने पुढच्या जागेवरची हाक एकाच व्हेलची असू शकते का, त्या वेगाने व्हेल पोहू शकतो का, असं जोडत जोडत वाटा तयार केल्या. आणि प्राणीसुद्धा सगळे एकाच दिशेने निघालेले, एका अरुंद वाटेवरून. मोजणीसाठी याहून सोयीची परिस्थिती मला तरी माहीत नाही. एकटा रेकॉर्डर वर्षभर तळाशी ठेवून तेवढीच खात्री मिळेल अशी अपेक्षा करू नका.

जागा कशी काढतात म्हणाल तर तत्त्व साधं आहे, एकच हाक तीन-चार हायड्रोफोनवर वेगवेगळ्या क्षणी पोचते, त्या फरकावरून गणित मांडून जागा निघते. अडचण घड्याळाची. हे रेकॉर्डर एकमेकांना वायरने जोडलेले नसतात, प्रत्येकाचं आपलं आपलं क्वार्ट्झ घड्याळ, आणि ते दहा लाख सेकंदांत एक सेकंद जरी चुकलं, जे चांगलं घड्याळ समजायचं, तरी वर्षात तीसेक सेकंद होतात. सेकंदाला दीड किलोमीटर धरा, म्हणजे व्हेल पंचेचाळीस किलोमीटर इकडचा तिकडे. म्हणून सोडताना आणि काढताना जीपीएसशी वेळ ताडून घ्यायची, मधल्या काळासाठी ओळखीचा एखादा ठोका वापरायचा जो सगळ्या यंत्रांना ऐकू गेलाय, असे उद्योग करावे लागतात. कंटाळवाणं काम आहे पण निम्मं संशोधन तिथंच ठरतं.

आता हाका आणि प्राणी यांच्या हिशोबाकडे. शेजारच्या चाळीत भजन चालू आहे आणि तुम्ही खिडकीत बसून किती माणसं आलीत ते सांगायचंय, असं समजा. गाणारे गातायत, टाळ वाजतायत, पण नुसते डोलणारे किती, आत स्वयंपाकघरात किती, पोरं झोपलीत किती, काही कळायला मार्ग नाही. इथंही तसंच. व्हेलमध्ये गाणी प्रामुख्याने नर गातात असं मानलं जातं, दाढीवाला सील वसंतात जे लांबच लांब खाली घसरत जाणारं ट्रिल, म्हणजे थरथरता सूर, काढतो तेही नरच, आणि तेही विणीच्या दिवसांत. (हे ट्रिल इतकं जोरात असतं की जुने इनुइट शिकारी वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून दांडा कानाशी धरून ते ऐकायचे. आपला हायड्रोफोन हा त्याच वल्ह्याचा महागडा नातेवाईक.) म्हणजे एप्रिल-मेमध्ये सीलचा आवाज भरपूर आला आणि ऑगस्टमध्ये शून्य आला तर सील निघून गेले असं नाही, गप्प झाले.

त्यातून हाका मारायचं प्रमाण परिस्थितीनुसार बदलतं. अलास्काच्या उत्तरेकडच्या ब्युफोर्ट समुद्रात तेलासाठी सर्वेक्षण चालायचं तेव्हा एअरगनचे, म्हणजे दाबलेल्या हवेचे, धमाके व्हायचे, त्या वेळी तळावर मांडलेल्या रेकॉर्डरवरून सुझाना ब्लॅकवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोहेडच्या हाका मोजल्या. धमाके नुसते लांबून ऐकू यायला लागले की बोहेड जास्त हाका मारायला लागले. आवाज अजून वाढला तसे कमी कमी होत गेले, आणि एका पातळीनंतर जवळजवळ गप्प. व्हेल तेवढेच आणि तिथलेच असतानाही रेकॉर्डिंग आधी वाढ दाखवणार, मग घट. कुणी नुसता हाकांचा आलेख काढून लेख लिहिला असता तर दोन्ही वेळा चुकला असता.

इथवरचं सगळं उष्ण कटिबंधातल्या समुद्रालाही लागू आहे. ध्रुवाकडे खरी मजा पुढे आहे, पाणी आणि बर्फ स्वतःच ऐकण्याच्या मधे येतात.

आपल्याकडे अरबी समुद्रात वरचं पाणी कोमट, खाली थंड. आवाज नेहमी कमी वेगाच्या पाण्याकडे वळतो, म्हणून आपल्याकडे तो खाली वाकतो. आर्क्टिकमध्ये सगळ्यात थंड आणि सगळ्यात कमी खारट पाणी वरच असतं, त्यामुळे आवाज वर वाकतो, बर्फाच्या खालच्या बाजूला आपटतो, परावर्तित होऊन खाली येतो, परत वर वाकतो, परत आपटतो, असं करत करत खूप लांब जातो. पण बर्फाची खालची बाजू गुळगुळीत काचेसारखी नसते, ढिगारे, कंगोरे, उलटे डोंगर असतात, आणि वरच्या पट्टीचा आवाज प्रत्येक आपटण्यात थोडा थोडा विखुरतो. म्हणजे जुना जाड खडबडीत बर्फ असला तर बोहेडची खालच्या पट्टीतली हाक तगून राहते पण बेलुगाची, म्हणजे ध्रुवाकडच्या छोट्या पांढऱ्या व्हेलची, वरच्या पट्टीतली शिट्टी लवकर मरते. आता जुना बर्फ जाऊन एका वर्षाचा पातळ, सपाट बर्फ आलाय, तर हे गणितच बदललं. शिवाय ब्युफोर्ट समुद्रात पॅसिफिकमधून येणाऱ्या कोमट पाण्याचा थर आता पृष्ठभागाच्या खाली जास्त ठळक झालाय, त्याच्या खाली आवाजासाठी एक वेगळीच नळी तयार होते, त्या नळीत सापडलेला आवाज बर्फाला न आपटता कितीतरी लांब जातो. म्हणजे हायड्रोफोन कुठल्या खोलीवर टांगला होता यावर तो किती ऐकणार हे ठरतं, आणि तीस वर्षांपूर्वीची खोली आज तेवढीच चांगली असेलच असं नाही.

ही झाली आवाज पोचण्याची बाजू. दुसरी बाजू गोंगाटाची. सलग बर्फाचं झाकण असलं की वाऱ्याला लाटा उठवता येत नाहीत, त्यामुळे वारा नसलेल्या थंडीच्या रात्री बर्फाखालचा समुद्र जगातल्या सगळ्यात शांत समुद्रांपैकी एक असतो. पारा भराभर उतरला की बर्फ आकसून तडतडायला लागतो, ते वेगळं. बर्फ जिथं संपतो तो काठ मात्र भयंकर गोंगाटाचा, तुकडे एकमेकांवर आपटत असतात, तिथं उघड्या समुद्रापेक्षाही जास्त आवाज असतो हे १९७० च्या दशकातच मोजलं गेलंय. हिमनदी समुद्रात उतरते त्या फिऑर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, तर बर्फात शेकडो वर्षं अडकलेले हवेचे बुडबुडे वितळताना फुटत असतात, लाखो, सतत, आणि ते जगातल्या सगळ्यात गोंगाटाच्या पाण्यांत मोडतं.

आता हिशोब करा. गोंगाट ६ डेसिबलने वाढला, आणि आवाज सगळ्या दिशांना सारखा पसरतो असं धरलं, तर ऐकू येण्याचं अंतर निम्मं होतं. ४० किलोमीटरचं २० झालं. पण आपण ऐकतो ते वर्तुळातलं, म्हणजे ५,००० चौरस किलोमीटरच्या जागी १,२५० च राहिले. पाव! उथळ पाण्यात किंवा नळीत आवाज पसरायची तऱ्हा वेगळी, तिथं फरक याहून मोठा पडू शकतो. आणि शरद ऋतूत पूर्वी जिथं ऑक्टोबरात बर्फ गोठलेला असायचा तिथं आता उघडं पाणी आणि वादळं असतात, ६ डेसिबल ही काहीच वाढ नाही. व्हेल तेवढेच राहिले तरी रेकॉर्डिंगमध्ये ते एक चतुर्थांश दिसणार. २०१२ च्या सप्टेंबरात आर्क्टिकचा बर्फ ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला होता, उपग्रहाच्या नोंदींत इतका कमी कधीच नव्हता, तर अशा वर्षाची तुलना बर्फाळ वर्षाशी करताना ही दुरुस्ती केली नसेल तर तो आलेख माझ्यापुढे आणू नका. कठोर वाटेल, पण दर वर्षी दोन-तीन हस्तलिखितं तरी अशी येतात ज्यात गोंगाटाच्या पातळीचा साधा उल्लेखही नसतो.

मग ठामपणे कळलंय तरी काय? पुष्कळ कळलंय, आणि ते सगळं बहुतेक "होता" या प्रकारातलं आहे.

बोहेडचंच घ्या. ब्युफोर्ट समुद्रातले बोहेड हिवाळ्यात बेरिंग समुद्रात उतरतात हे ठरलेलं. २०१८-१९ च्या हिवाळ्यात कॅनडाच्या अमुंडसेन आखाताच्या बाजूला ठेवलेल्या रेकॉर्डरवर ते हिवाळाभर ऐकू आले, म्हणजे काही जण गेलेच नाहीत. इथं माईक किती लांबचं ऐकतो हा वाद घालायला जागा नाही, जिथं त्या महिन्यात आवाज यायलाच नको तिथं आला. तसंच ओर्काचं, म्हणजे किलर व्हेलचं. त्यांच्या पाठीवरचा उंच पर बर्फाखाली अडचणीचा, त्यामुळे ते दाट बर्फ टाळतात. चुकची समुद्रात २०१२ पासूनच्या रेकॉर्डिंगमध्ये ते उन्हाळ्यात लवकर यायला लागलेत, आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीतून अजून अजून उत्तरेला जातायत. यात गंमत अशी की सस्तन प्राणी खाणारे ओर्का शिकार करताना तोंड बंद ठेवतात, सावज ऐकेल म्हणून, आणि शिकार झाल्यावर गोंधळ घालतात. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये येतो तो जेवणानंतरचा ओर्का. खरे आलेले याहून जास्त असणार. आणि ओर्का आला की बेलुगा आणि नारव्हाल (लांब सुळ्याचा ध्रुवीय व्हेल) गप्प होतात, म्हणजे त्यांचा आकडा उगाच कमी दिसणार. दोन्हीकडून फसवणूक.

ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या मधल्या फ्राम सामुद्रधुनीतली गोष्ट याच्याही पुढची. तिथले बोहेड शिकारीने जवळपास संपलेच असं धरलं होतं, वर्षानुवर्षं एखाददुसराच दिसायचा. केट स्टॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं रेकॉर्डर ठेवला तर डिसेंबर-जानेवारीच्या काळोखात, सलग बर्फाखाली, बोहेड चोवीस तास गातायत. तीन वर्षांत १८४ वेगवेगळी गाणी! आणि एका वर्षीचं गाणं पुढच्या वर्षी परत नाही. याचा एक व्यावहारिक परिणाम सांगते, हल्ली सगळेच मशीन लर्निंग करतायत म्हणून. एका वर्षाच्या गाण्यांवर तुम्ही डिटेक्टर, म्हणजे आवाज आपोआप ओळखणारा प्रोग्राम, शिकवला आणि पुढच्या वर्षी लावला तर तो निम्मी गाणी ओळखणारच नाही, आणि तुम्ही म्हणाल बोहेड घटले. दर वर्षीचा थोडा डेटा माणसाने कानाने ऐकून तपासलाच पाहिजे, यातून सुटका नाही.

हाच त्रास दक्षिणेत ब्लू व्हेलचा, तिथं अजून चिवट. अंटार्क्टिक ब्लू व्हेलची हाक स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे सूर वेळेनुसार कसा चढतो-उतरतो त्या आलेखावर, झेड अक्षरासारखी दिसते, आधी एक सलग सूर, मग झपकन खाली. १९९० च्या दशकात वरचा सूर २८ हर्ट्झच्या आसपास होता, आता २६ च्या आसपास उतरलाय, दर वर्षी थोडा थोडा. जगभरच्या बऱ्याच ब्लू व्हेलचे सूर असेच उतरतायत, आणि का याची पाच-सहा स्पष्टीकरणं आहेत, पैकी एकही सगळ्यांना पटलेलं नाही. आपल्यापुरतं महत्त्वाचं काय, तर २८ वर ट्यून केलेला जुना डिटेक्टर आजच्या हाका हळूहळू सोडून द्यायला लागतो.

तरीही ब्लू व्हेलच्या बाबतीत ऐकण्याला पर्याय नाही. विसाव्या शतकात दक्षिण महासागरात तीन लाखांहून जास्त मारले गेले आणि उरले शेकड्यांत. एवढ्या प्रचंड समुद्रात डोळ्यांनी शोधायचं तर बोट महिनोन्‌महिने फिरत राहील. २०१३ साली ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिक विभागाने मोहीम काढली त्यात त्यांनी सोनोबॉय टाकले, हे विमानातून किंवा जहाजावरून पाण्यात टाकायचे तरंगते हायड्रोफोन, दिशा सांगणारे. हजारो हाका रेकॉर्ड झाल्या, दिशा धरून जहाज वळवायचं, परत ऐकायचं, परत वळवायचं, असं करत शेकडो किलोमीटरवरून थेट व्हेलपर्यंत पोचले, फोटो काढले, काहींवर टॅग लावले. मला विचाराल तर मोजणीपेक्षा शोधण्यासाठी ऐकणं हा या तंत्राचा जास्त प्रामाणिक वापर आहे.

बायोडक नाव पडलेल्या एका गूढ आवाजाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६० च्या दशकापासून दक्षिण महासागरात पाणबुडीवाल्यांना क्वॅक-क्वॅक असा ठरावीक वेळाने येणारा आवाज ऐकू यायचा, कोण काढतंय कुणाला पत्ता नाही, मासे म्हणा, जहाज म्हणा, काहीही अंदाज. २०१३ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ मिंकी नावाच्या लहान व्हेलवर आवाज नोंदवणारे टॅग चिकटवले, त्यांच्यावर तोच आवाज सापडला, २०१४ मध्ये छापून आलं. जवळजवळ पन्नास वर्षांचे टेप जगभर कपाटांत पडले होते, आणि एका रात्रीत ते सगळे मिंकीचा डेटा झाले! म्हणून म्हणते, न ओळखलेला आवाज फेकू नका. उलट बाजूही आहे, १९९७ मध्ये पॅसिफिकमध्ये रेकॉर्ड झालेल्या ब्लूप आवाजावरून लोकांनी राक्षसी प्राण्यांच्या कथा रचल्या, निघाला बर्फ तुटल्याचा आवाज.

यंत्राबद्दल फार लिहीत नाही, पण सॅम्पलिंग रेट, म्हणजे यंत्र सेकंदाला आवाजाची किती मापं घेतं ते, समजून घ्या कारण तिथं सगळे अडकतात. ब्लू व्हेल २०-३० हर्ट्झवर बोलतो, बेलुगाचे क्लिक १०० किलोहर्ट्झच्याही पुढे जातात. सगळंच पकडायचं म्हणून सेकंदाला अडीच लाख सॅम्पल घेतले तर दिवसाला ४३ जीबी, वर्षाला सोळा टीबीच्या घरात. फक्त मोठ्या व्हेलसाठी सेकंदाला ४,००० सॅम्पल पुरतात, वर्षाचं अडीचशे जीबी. बॅटरी थंडीत आधीच दम सोडते, मग तासातली ठरावीक मिनिटंच रेकॉर्ड करायची अशी तडजोड होते आणि त्यात कायतरी निसटतंच. वेडेल सील इतकी वर्षं सगळ्यांनी ऐकले, अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डोच्या बर्फाखाली नवीन हायड्रोफोन वरच्या पट्टीपर्यंत ऐकायला लागला तेव्हा, २०२० मध्ये, जाहीर झालं की ते ५० किलोहर्ट्झपर्यंत शिट्ट्या मारतात, आपल्या कानाच्या कितीतरी वर. तोपर्यंत बहुतेकांची यंत्रं तिथवर पोचतच नव्हती. बाकी मूरिंग म्हणजे तळाला वजन (बऱ्याचदा रेल्वेची जुनी चाकं), वर दोरी, रेकॉर्डर, फ्लोट, आणि वर्षाने येऊन सिग्नल दिला की सुटून वर येणारं रिलीज. उथळ पाण्यात हिमनग तळ नांगरत जातो आणि सगळं घेऊन जातो. काही वेळा काहीच वर येत नाही, एवढंच.

जहाजांबद्दल दोन शब्द. बर्फ कमी झाला की जहाजं येतात, आर्क्टिक कौन्सिलच्या पामे या गटाने २०१३ ते २०१९ या काळात काही भागांतला जहाजांचा पाण्याखालचा गोंगाट दुप्पट झाल्याचं नोंदवलंय. आणि हे प्राणी जहाजांना सवयीचे नाहीत. १९८० च्या दशकात लँकेस्टर साउंडमध्ये बर्फ फोडणारी जहाजं आली तेव्हा बेलुगा ३५ ते ५० किलोमीटर लांबूनच पळत सुटले. नारव्हाल पळाले नाहीत, जागच्या जागी थिजले. पूर्व ग्रीनलंडमध्ये नंतर टॅग लावून बघितलं तर जहाज दहा-बारा किलोमीटरवर असताना नारव्हालची शिकार निम्म्यावर आलेली, सात-आठ किलोमीटरवर बंद. परत तेच, जहाज जवळ असताना रेकॉर्डिंगमध्ये नारव्हाल "नसतो". तिथेच असतो. उपाशी असतो.

पेपरात येतं ना, ब्लू व्हेल १८८ डेसिबल, जेट विमानापेक्षा मोठा, ते सोडून द्या. पाण्यातले आणि हवेतले डेसिबल वेगळ्या मापाने मोजतात, तुलना करायची तर साठेक वजा करावे लागतात.

नवीन गोष्टींत मला सगळ्यात आशा वाटते ती फायबरची. स्वालबार्डला लाँगयिअरब्येन ते न्यू-ओलेसुंद समुद्रतळावरून इंटरनेटची फायबर केबल गेलीय, २०२० मध्ये नॉर्वेच्या लोकांनी तिच्यातली एक मोकळी तार घेऊन एका टोकाने लेझर सोडला, आवाजाने तार अगदी सूक्ष्म ताणली जाते ती मोजली, आणि १२० किलोमीटर लांब केबलचा प्रत्येक काही मीटरचा तुकडा हायड्रोफोनसारखा वापरून ब्लू व्हेल ऐकले. घड्याळाची भानगडच नाही, सगळं एकाच यंत्रावर. वरच्या पट्टीतलं अजून जमत नाही आणि डेटा दिवसाला टीबीच्या टीबी, पण व्हेल केबलच्या बाजूने चाललाय हे जवळजवळ थेट दिसतं, जहाजाला वेळेत सांगता येईल इतपत.

त्याच न्यू-ओलेसुंदला भारताचं हिमाद्री केंद्र आहे २००८ पासून, आणि जवळच्या कोंग्सफिऑर्डमध्ये २०१४ च्या जुलैत इंडआर्क नावाचं मूरिंग १९० मीटरच्या आसपास खोलीवर सोडलं, चेन्नईची एनआयओटी (समुद्र तंत्रज्ञान संस्था) आणि वास्कोची ध्रुवीय संस्था (तेव्हाची एनसीएओआर, आताची एनसीपीओआर) यांनी मिळून. त्या फिऑर्डमधला पाण्याखालचा गोंगाटही आपल्या लोकांनी मोजलाय. गोव्यात किंवा कोकणात राहून या विषयात यायचं म्हणणाऱ्या पोरांनी वास्कोचं दार ठोठवायला हरकत नाही, फक्त फिजिक्स पक्कं करून जा, प्राण्यांचं प्रेम सगळ्यांकडेच असतं.

घरबसल्या सुरुवात करायची तर अमेरिकेतल्या वूड्स होल या समुद्रसंशोधन संस्थेचा वॉटकिन्स संग्रह फुकट आहे, त्यातून बोहेड, बेलुगा, दाढीवाला सील, वॉलरस यांचे आवाज ऐका. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूटने २००५ च्या शेवटी अंटार्क्टिकातल्या नॉयमायर केंद्राजवळच्या बर्फाला भोकं पाडून पालाओआ नावाचं ऐकण्याचं केंद्र उभारलं, त्याचे सीलचे नमुने अफलातून आहेत, वेडेल सील तर सिंथेसायझर वाटतो. सॉफ्टवेअर रेवन किंवा पॅमगार्ड, नुसतं बघायला ऑडासिटीसुद्धा चालतं. आणि कुणाचा तयार डेटा घेऊन "वाढले-घटले" काढणार असाल तर पहिल्या दिवशी त्या लोकांना मेल टाकून चार गोष्टी मागा: हायड्रोफोनची खोली, त्याचं कॅलिब्रेशन (किती आवाजाला तो किती आकडा दाखवतो ते), रोजची गोंगाटाची पातळी आणि त्या जागेचा रोजचा बर्फ. यातली गोंगाटाची पातळी मिळत नसेल तर तो डेटा "होता का" एवढ्याच प्रश्नाला वापरा.